‘इंप्रेशन’साठी मराठीत कोणता शब्द : दृक्प्रत्यय, संस्कार, ठसा की छाप?

अक्षरवेल

एका कलाविषयक पुस्तिकेचा अनुवाद करताना एके ठिकाणी अडले आहे. एप्रिल १८७४ मध्ये पॅरिसच्या कापुसीन बुलव्हारवर, छायाचित्रकार नादार यांच्या जुन्या स्टुडिओत, काही चित्रकारांनी सरकारमान्य वार्षिक कलाप्रदर्शन असलेल्या ‘सालों’पासून स्वतंत्र असे आपले प्रदर्शन भरवले. त्यात क्लोद मोने यांचे ल आव्र बंदरातील सकाळचे एक चित्र होते. सूचीत त्याला काय नाव द्यायचे असे विचारल्यावर, हे काही बंदराचे दृश्य म्हणून खपणार नाही हे जाणून आपण ‘इंप्रेशन’ असे लिहायला सांगितले, अशी आठवण मोने यांनीच पुढे सांगितली आहे. लुई लरुआ या टीकाकाराने ‘ल शारिव्हारी’ या पत्रात नेमका तोच शब्द पकडला आणि साऱ्या प्रदर्शनाला ‘इंप्रेशनिस्टांचे प्रदर्शन’ म्हणून हिणवले. त्या हेटाळणीतून चळवळीला नाव मिळाले.

चळवळीसाठी मराठी विश्वकोशाने ‘दृक्प्रत्ययवाद’ हा शब्द वापरला आहे आणि तो मला मान्य आहे. ‘इंप्रेशन, सूर्योदय’ हे चित्राचे शीर्षक मात्र ‘दृक्प्रत्यय, सूर्योदय’ असे लिहवत नाही, म्हणून मी ‘सूर्योदयाचा ठसा’ असे लिहिले. आता ‘ठसा’ या शब्दाची टिंगल करून टीकाकाराने ‘दृक्प्रत्ययवादी’ हे नाव कसे काढले, हे मराठी वाचकाला कळणार नाही. संपादकांनी ‘प्रभाववाद’ सुचवला आहे. हिंदीत तो रूढ आहे, पण मराठीत ‘प्रभाव’ म्हटले की एकाने दुसऱ्यावर गाजवलेला प्रभाव आठवतो. शीर्षक, टिंगल आणि चळवळ या तिन्ही जागी चालेल असा एकच शब्द कोणी सुचवू शकेल काय?

गेरू

मी अनेक वर्षे चित्रकला शिकवली. आमच्या वर्गात ‘इंप्रेशनिझम’ याखेरीज दुसरा शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. ‘दृक्प्रत्ययवाद’ विद्यार्थ्यांना परीक्षेच्या वहीत भेटतो, आणि लँडस्केपला बाहेर पडलेल्या मुलांच्या बोलण्यात तो कधीच येत नाही. रूढ झालेला शब्द वापरण्यात मराठीचा काही तोटा होतो असे मला वाटत नाही.

तरीही मराठी शब्दच हवा असेल तर ‘ठसा’ घेऊ नये, कारण तो या चित्रांच्या तंत्राशी विसंगत आहे. ठसा दाबून उमटतो आणि त्याला कड असते. या चित्रकारांनी तर कडच सोडली. आधी रेखांकन, मग तपकिरी अस्तरावर, म्हणजे कॅन्व्हासला आधी दिलेल्या रंगाच्या हातावर, छायाप्रकाश, मग पातळ रंगांचे थर आणि शेवटी फटकारा दिसू नये इतके गुळगुळीत फिनिशिंग, ही अकादमीची, म्हणजे सरकारी कलासंस्थेची, रीत होती. मोने आणि त्यांचे सहकारी चित्रकार रन्वार यांनी फिकट अस्तराच्या कॅन्व्हासवर, ओल्या रंगावर ओला रंग देत, छोटे तुटक फटकारे शेजारी शेजारी ठेवले. रंग पॅलेटवर पुरता घोटायचा नाही, जवळजवळ शुद्ध स्वरूपात लावायचा आणि त्याचा मेळ पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचा, ही त्यामागची कल्पना होती. १८६९ च्या उन्हाळ्यात दोघांनी सीन नदीवरच्या ‘ला ग्रनुइयेर’ या जलविहाराच्या जागी शेजारी बसून चित्रे केली. त्यांत पाणी म्हणजे आडव्या फटकाऱ्यांची मालिका आहे, आणि लाटेची बाह्यरेषा शोधू गेल्यास सापडत नाही.

हे उघड्यावर करता आले, त्याला साहित्यातील बदलही कारणीभूत होते. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाची रंगनळी काढली. त्यापूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत ठेवत, ती फुटे, रंग सुके. पत्र्याच्या पट्टीत केस बसवलेले चपटे ब्रश आले आणि चौकोनी, रुंद फटकारा सोपा झाला. कोबाल्ट निळा, कृत्रिम अल्ट्रामरीन, व्हिरिडियन हिरवा हे रंग त्याच शतकातले. सावलीत काळा न घालता वस्तूच्या रंगाचा पूरक रंग घालण्याचे धाडस या रंगांमुळे करता आले. मोने यांचे ‘ला पी’, म्हणजे कुंपणावर बसलेल्या पक्ष्याचे बर्फातील चित्र, पाहावे. बर्फावरची पडछाया त्यात चक्क निळी आहे. १८६९ च्या सालोंने ते नाकारले होते.

नैयायिक

शब्दाचा विचार येथे मुळापासून व्हायला हवा. काही जुन्या लेखनात ‘संस्कारवाद’ हा पर्याय मी वाचला आहे आणि तो मला सदोष वाटतो. ‘संस्कारमात्रजन्यं ज्ञानं स्मृतिः’ असे तर्कसंग्रह या न्यायशास्त्रावरील ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. केवळ संस्कारातून उपजते ते ज्ञान म्हणजे स्मृती. म्हणजेच अनुभव ओसरल्यावर मागे उरतो तो संस्कार. गेरू यांनी सांगितलेले चित्रकार समोरचा प्रकाश बदलण्यापूर्वी तो पकडू पाहतात, मागे उरलेले काही चितारत नाहीत. ‘प्रत्यय’ हा शब्द ‘प्रति’ आणि ‘इ’ यांपासून झाला आहे, आणि त्यात समोर येऊन ठेपण्याचा, तत्क्षणी जाणवण्याचा अर्थ आहे. ज्याने ‘दृक्प्रत्यय’ हा शब्द घडवला त्याने डोळा आणि क्षण या दोहोंना नेमके स्थान दिले. उच्चाराला जड आहे म्हणून इतका अचूक शब्द टाकून देणे मला पटत नाही.

‘ठसा’ आणि ‘छाप’ यांतही हाच दोष आहे. दोन्ही नंतर उरतात.

पाणवठा

फ्रान्समध्ये राहत असल्यामुळे मूळ शब्दाच्या बाजूने लिहितो. फ्रेंचमध्ये ‘इंप्रेशन’ म्हणजे मनावर उमटणारे ते, तसेच छपाई, आणि शिवाय रंगकामातील अस्तराचा हातही. तिसरा अर्थ महत्त्वाचा आहे. अस्तरापुढे न गेलेले चित्र, अशी अपुरेपणाची छटा रंगकामाशी परिचित वाचकाला त्या शब्दात ऐकू येत असणार असे मला फार दिवसांपासून वाटते. लरुआचा टोमणाही तिकडेच जातो. आपल्यावर काही उमटले आहे, त्या अर्थी चित्रात इंप्रेशन असणारच, असे त्याचे पात्र म्हणते, आणि लगेच पुस्ती जोडते की भिंतीला लावायचा कागद कच्च्या अवस्थेतही या समुद्रचित्राहून अधिक पुरा झालेला असतो. भिंतीचा कागद छापील असतो, हे लक्षात घ्यावे. मराठीत ही कोटी ‘छाप’ या एकाच शब्दाने साधते. माझ्यावर छाप पडली, त्या अर्थी चित्रात छाप आहे. शीर्षक ‘छाप, सूर्योदय’ असे ठेवावे आणि टोमण्यात ‘छापवाले’ म्हणावे, असे मी सुचवतो.

शिवाय लरुआपाठोपाठ काही दिवसांतच कास्तान्यारी या समीक्षकाने हाच शब्द गंभीरपणे वापरला. हे चित्रकार निसर्गदृश्य रंगवत नाहीत, त्या दृश्याने जागवलेली संवेदना रंगवतात, त्या अर्थाने ते इंप्रेशनिस्ट आहेत, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे दोन आठवड्यांच्या आत एकच शब्द शिवीही झाला आणि व्याख्याही. अनुवादाला या दोन्ही बाजू पेलाव्या लागतील, आणि ‘दृक्प्रत्यय’ हा शब्द शिवी म्हणून कोणीही उच्चारणार नाही.

नैयायिक

चळवळीचे नाव तिला हिणवणाऱ्याच्या तोंडच्या शब्दाशी कायमचे बांधून का ठेवावे? ‘फोव्ह’ या चित्रकारांच्या गटाचे नाव घ्या. ‘फोव्ह’ म्हणजे जंगली श्वापदे. १९०५ मध्ये तेही टीकाकाराच्या शेऱ्यातूनच आले. मराठीने त्या चळवळीला ‘रंगभारवाद’ म्हटले आणि श्वापदे सोडून दिली. त्याने आपले काही अडले नाही. उलट रंगाचा भार हे त्या चित्रांचे मर्म नावातच आले.

सारंगी

संगीताच्या अंगाने एक अडचण मांडते. पाश्चात्त्य संगीतावरील कार्यक्रमासाठी टिपण लिहिताना फ्रेंच संगीतकार क्लोद दब्युसी यांच्या शैलीला ‘दृक्प्रत्ययवादी’ लिहिलेले मी पाहिले आणि थबकले. ऐकण्याच्या कलेला ‘दृक्’ कसे लावायचे? दब्युसी यांना स्वतःला हे बिरुद आवडत नव्हते, तो भाग वेगळा. पण संगीतात आणि साहित्यात हा शब्द सर्रास वापरला जातो, आणि तेथे ‘दृक्’ आड येते. नुसता ‘प्रत्ययवाद’ म्हणावे, तर व्याकरणातला प्रत्यय आठवतो.

अक्षरवेल

नैयायिक यांचा संस्कार आणि प्रत्यय यांतील भेद मला फार उपयोगी वाटतो, परंतु तो या चित्रकारांना सरसकट लागू पडतो का, याविषयी मी साशंक आहे. रुआँच्या कॅथेड्रलची तिसाहून अधिक चित्रे मोने यांनी १८९२ आणि १८९३ मध्ये तेथे बसून, प्रकाश बदलला की कॅन्व्हास बदलत, सुरू केली खरी, पण ती पूर्ण केली जिव्हेर्नी येथील आपल्या घरच्या स्टुडिओत, समोर कॅथेड्रल नसताना. त्यांतली वीस १८९५ मध्ये मांडली गेली. याच गटातले चित्रकार देगा तर उघड्यावर चित्र काढण्याच्या विरोधातच होते. नर्तकींची चित्रे त्यांनी स्टुडिओत, रेखाटने आणि स्मरण यांच्या आधाराने केली. तर्कसंग्रहाच्या भाषेत देगा संस्कारवादीच ठरतील. त्यांना ‘इंप्रेशनिस्ट’ हे नावही नको होते, आणि १८७९ च्या प्रदर्शनात गटाने ‘स्वतंत्र कलावंत’ असे नाव लावले ते मुख्यतः त्यांच्या आग्रहामुळे.

पाणवठा यांची ‘छाप’ लरुआच्या उताऱ्यात चपखल बसते. शीर्षकात ती मला अजून पचलेली नाही.

गेरू

स्टुडिओत पूर्ण केले म्हणून डोळ्याचे महत्त्व कमी होत नाही. ज्याने शेकडो वेळा उन्हात बसून निळी सावली पाहिली आहे, त्याचा हात स्टुडिओतही तीच लावतो. मी विद्यार्थ्यांना संध्याकाळी चुन्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे करीत असे. पिवळ्या उन्हात भिंतीवर झाडाची सावली पडली की ती कोणत्या रंगाची आहे ते लिहायला सांगे. पहिल्या दिवशी सगळे ‘करडी’ लिहीत. आठवडाभराने ‘जांभळी’, ‘निळसर’ असे शब्द येऊ लागत. आमचे इंदूरकडचे चित्रकार हेच शिकत मोठे झाले, आणि ना. श्री. बेंद्रे यांच्या उत्तरकाळातील ठिपक्यांच्या चित्रांत पूरक रंगांची ही जाण वेगळ्या वळणाने पुन्हा दिसते.

कळंब

गेरू यांनी दोनदा ‘पूरक रंग’ लिहिले आहे, त्याविषयी विचारावेसे वाटते. मी शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडे पूरक रंग म्हणजे ज्या दोन रंगांचे प्रकाश एकत्र आले की पांढरा प्रकाश मिळतो ते, उदाहरणार्थ निळा आणि पिवळा. आमच्याच शाळेतील चित्रकला शिक्षक मात्र निळ्यासमोर नारिंगी ठेवतात आणि त्याला ‘विरोधी रंग’ म्हणतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणारी मुले या दोन तासांमध्ये गोंधळतात. चित्रकारांनी ‘पूरक’ हा शब्द विज्ञानाकडे सोडावा असे माझे मत आहे.

गेरू

ते मला मान्य नाही. मिशेल शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ गोब्लाँच्या विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांत आहे, हे त्यांनी दाखवले. १८३९ च्या ग्रंथात त्यांनी ‘विरोध’ आणि ‘पूरक’ हे दोन्ही शब्द वापरले आहेत. शेजारी ठेवल्यावर एकमेकांना उठाव देतात म्हणून विरोधी, आणि एका रंगाकडे टक लावून पाहिल्यावर डोळा आपणहून दुसरा मागतो म्हणून पूरक. लाल ठिपका अर्धा मिनिट पाहून नजर पांढऱ्या कागदावर न्यावी, म्हणजे हिरवट निळा ठिपका दिसतो. हा डोळ्याचाच धर्म आहे, आणि चित्रकाराचा त्याच्यावर विज्ञानाइतकाच हक्क आहे.

कळंब

आपण हिरवट निळा म्हणालात, निव्वळ हिरवा म्हणाला नाहीत, याची मी नोंद घेतो. चित्रकलेच्या वर्तुळात लालसमोर हिरवा असतो. म्हणजे डोळा जो रंग मागतो तो विज्ञानातील जोडीच्या जवळचा आहे. शिवाय आपल्या जोडीतील रंगद्रव्ये मिसळली तर पांढरे होत नाहीत, करडे किंवा मळकट होतात. पूर्ततेचा अर्थ तेथे कसा लावायचा?

गेरू

तो करडा रंग मळकट असतोच असे नाही. कोबाल्ट निळ्यात थोडा नारिंगी आणि बराच पांढरा घालून होणारा करडा आणि काळ्या-पांढऱ्याचा करडा, हे दोन्ही एका कागदावर शेजारी लावून मुलांना दाखवावेत. याच गटातले चित्रकार पिसारो यांच्या ढगाळ आकाशांत पहिल्या जातीचा करडा आहे, आणि तो मेलेला दिसत नाही.