'डिस्कस'पुढे 'अबाउट' लिहिलं तर काय बिघडलं?

धरमपेठकर: नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत आहे. काल क्लायंटला मेल टाकला, 'वी विल डिस्कस अबाउट द डिझाइन ऑन मंडे'. साहेबांनी तो सगळ्या टीमसमोर स्क्रीनवर लावला आणि 'अबाउट' खोडून दाखवलं. क्लायंटचं 'ओके' तर दहा मिनिटांतच आलं होतं. अर्थ पोचला ना? मग एवढा तमाशा कशाला?

लाल शाई: तमाशा चूक, खोडलं ते बरोबर. 'डिस्कस'ला थेट कर्म लागतं, 'डिस्कस द डिझाइन', बस. नाम वापरलं की 'अबाउट' चालतं, 'अ डिस्कशन अबाउट द डिझाइन'. गोंधळ इथूनच सुरू होतो, त्यात डोक्यात आपलं 'डिझाइनबद्दल चर्चा करू' असतंच. 'मॅरिड विथ' याच वाटेनं येतं, कारण आपल्याकडे लग्न कुणा'शी' होतं. इंग्रजीत ते 'मॅरिड टू'.

शिकवत होतो तेव्हा माझी खरी डोकेदुखी होती 'कोप अप विथ'. 'कीप अप विथ', 'कॅच अप विथ'च्या नादानं ते 'अप' घुसतं. लिहायचं नुसतं 'कोप विथ', म्हणजे अडचणीला तोंड देणं. हा 'कोप' ठोसा या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलाय, म्हणजे मुळात हातघाईवर येणं. ज्याच्याशी भिडायचं त्याच्या'शी', म्हणून 'विथ'. इथं मराठी कामी येते बघा.

तर्रीपोहे: सर, आपण 'मी जाऊन राहिलो' म्हटलं का पुण्याचे लोक हसतात. तेव्हा राग येते ना? मग इंग्रजीत तुम्हीच काहून पुणेकर होऊन राहिले?

लाल शाई: बोलताना बोल ना बाबा, कोण अडवतं. क्लायंटला गेलेल्या मेलचं चाललंय.

काळा कोट: हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो. आम्ही 'अपील अगेन्स्ट द ऑर्डर' लिहितो, इंग्रजांकडून आलेली रीत. अमेरिकेत 'अगेन्स्ट' गाळून सरळ 'अपील द ऑर्डर' लिहितात. 'प्रोटेस्ट'चंही तेच. खुद्द त्यांच्यातच एकमत नाही, मग लाल शाई कुणाच्या वहीवर?

लाल शाई: ती दोन्ही रूपं आपापल्या देशात प्रमाण आहेत. 'डिस्कस अबाउट' लंडनलाही चूक, न्यूयॉर्कलाही चूक. वकीलसाहेब, साक्षीदार माझा निघाला.

काळा कोट: उलटतपासणी बाकी आहे. भारतात, सिंगापुरात, नायजेरियात लोक हेच लिहितात. इतक्या लोकांनी लिहिल्यावर ती चूक राहते की वहिवाट होते?

लाल शाई: वहिवाट शेतातून मिळते हो, व्याकरणातून नाही.

धरमपेठकर: तुमचं चालू द्या. मी आज सुधारून पाठवला, 'डिस्कस द डिझाइन'. वर 'थँक यू सर'ही लिहिलं. साहेबांचं उत्तर आलंय, 'गुड. प्लीज रिव्हर्ट बॅक बाय इव्हनिंग'. सर, हे 'बॅक'?

लाल शाई: फालतू आहे. 'रिव्हर्ट'मध्ये परत येणं आलंच. आणि उत्तर द्या म्हणायचं असेल तर सरळ 'रिप्लाय' लिहावं.

तर्रीपोहे: लाव बे स्क्रीनवर!