भातखंडे म्हणजे फक्त दहा थाट का?

स्वरवेडी:
मुलीच्या गाण्याच्या परीक्षेच्या पुस्तकात विष्णू नारायण भातखंडे चार ओळींत उरकलेत. जन्म १८६०, दहा थाट (म्हणजे स्वरांवरून पाडलेले रागांचे दहा गट), स्वरलिपी, झालं. एवढंच केलं का हो त्यांनी? वकील होते म्हणे, मग इकडे कसे वळले?

नानाकाका:
वकीलच होते. वाळकेश्वरचा जन्म, १८८७ ला एलएलबी, काही काळ कराचीतही वकिली केली. पण त्याच्या आधीपासूनच, १८८४ पासून, ते पारशी गायन उत्तेजक मंडळी या संगीतसंस्थेत जायचे आणि तिथे ढिगाने धृपदं, ख्याल शिकले. पुढे बायको गेली, मग मुलगीही गेली, आणि मग सगळं आयुष्य यातच घातलं. १९०४ ला दक्षिणेत गेले, एट्टयपुरमला संगीतपंडित सुब्बराम दीक्षितरांना भेटले, कर्नाटक संगीताचा जुना शास्त्रकार व्यंकटमखी याची ७२ मेळांची (स्वरांवरून रागांचे गट पाडण्याची) पद्धत समजून घेतली आणि त्यातूनच थाटांची मांडणी सुचली. मला स्वतःला थाटांपेक्षा मोठी वाटते ती त्यांची इतिहासाची दृष्टी. भरत, शारंगदेव या प्राचीन शास्त्रकारांच्या ग्रंथांवरून आजचे राग सिद्ध होत नाहीत, आज गवई जे गातात त्यावरून शास्त्र बांधा, असं त्या काळात म्हणायला छाती लागते. संस्कृत ग्रंथ लिहिला 'चतुर पंडित' या नावाने, त्याचं नावच 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्', लक्ष्य म्हणजे प्रत्यक्षात गायलं जातं ते.

रियाज_पहाटे:
काका, आदर आहेच, पण थाट गाताना कामाला येत नाहीत. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या, स्वर तेच पाच, एक कल्याण थाटात आणि दुसरा बिलावलमध्ये! भूपात म आणि नी नाहीतच, मग थाट ठरवला कशावरून?

नानाकाका:
चलनावरून, म्हणजे राग स्वरांतून कसा फिरतो त्यावरून. भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार, देशकारचा धैवत, आणि भूप ऐकताना कल्याणची आठवण होते ती होतेच. तुमचा मुद्दा खरा आहे, थाट ही रागांची वर्गवारी आहे, त्यावरून गाणं येत नाही. पण त्यांनी नुसती वर्गवारी केली नाही ना, घराण्यांत दडलेल्या चिजा (बंदिशी) मिळवून क्रमिक पुस्तकांचे सहा भाग केले, १९१६ ला बडोद्याला संगीत परिषद भरवली, १९२६ ला लखनौला संगीताचं कॉलेज उभं केलं. गायक आणि संगीतज्ञ रातंजनकर त्यांचेच शिष्य.

स्वरवेडी:
मग सुरुवात कुठून करू? संस्कृत येत नाही मला.

नानाकाका:
'हिंदुस्थानी संगीत पद्धति' घ्या, मूळ मराठीतच आहे, चार भाग. सगळं गुरुशिष्यांच्या गप्पांसारखं लिहिलंय, शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो. पहिला भाग मुलीबरोबर बसून वाचा.