बायकापोरं नसलेला कुलगुरू हवा म्हणे!

कृष्णाकाठचा
काल 'कंदीपेढा' यांनी फादर थिओडोर हेसबर्ग या कॅथलिक, म्हणजे ब्रह्मचारी, धर्मगुरूंवर भलं मोठं लिहिलं. अमेरिकेतलं नोत्र दाम विद्यापीठ, 1952 ते 1987 सलग 35 वर्षं अध्यक्ष, दीडशे मानद पदव्या. इथवर ठीक. पण शेवटी फोडणी दिली की "ज्याला बायकापोरं नाहीत तोच विद्यापीठ सरळ चालवतो, नाहीतर आपले शिक्षणसम्राट बघा." साताऱ्यात बसून हे लिहायचं म्हणजे कमाल झाली! कर्मवीर अण्णा संसारीच होते ना? वसतिगृहातलं धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र काढून दिलं. अण्णा ब्रह्मचारी असते तर त्या दिवशी पोरं उपाशी झोपली असती.

कंदीपेढा
अण्णा एकच झाले. त्यांच्या नावावर आपण किती दिवस जगणार? आमच्या भागातल्या एका संस्थेत पोरगा सचिव, सून प्राचार्य, जावई इमारतीचा ठेकेदार. मी तिथं 11 वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. दर जूनला नवा अर्ज, नवी मुलाखत, तोच पॅनेलवाला, तोच चहा. कायम जागा निघाली ती चेअरमनच्या भाच्याला. त्याला मीच शिकवलं होतं, तेही काठावर पास.
हेसबर्ग यांचं दारिद्र्याचं व्रत होतं, स्वतःच्या नावावर इस्टेट करायची सोयच नव्हती. आणि 1967 साली विद्यापीठाचा कारभार आपल्याच होली क्रॉस या धर्मगुरूंच्या संघाकडून काढून, प्रापंचिक माणसं जास्त असलेल्या विश्वस्त मंडळाकडे दिला. आपला कुठला चेअरमन जिवंतपणी असं करतो, सांगा.

मिरजकर मास्तर
अर्धवट सांगू नका. मंडळ बदललं, पण अध्यक्ष आजही होली क्रॉसचाच फादर लागतो, तसा नियमच आहे. हेसबर्गनंतर मॅलॉय, मग जेन्किन्स, 2024 पासून डाउड. सगळे त्याच संघाचे. पोरगा नाही तर गुरुबंधू. गादी ती गादीच.

कंदीपेढा
गुरुबंधू सासूच्या नावानं डीएड कॉलेज काढत नाही, मास्तर.

माळावरचा
बाकी सोडा, पण मिशनवाल्यांनी मिरजेचं हॉस्पिटल काढलं हे विसरू नका. फादर लोकांची सेवा वेगळीच असते.

मिरजकर मास्तर
अहो, ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट मिशनचं! त्यात फादर कुठून आले? डॉक्टर वानलेस बायकोसह हिंदुस्थानात आले होते. म्हणजे तुमचं उदाहरण कृष्णाकाठच्यांच्याच बाजूला पडलं.

वाईची नात
मंगळसूत्र, मंगळसूत्र! दर चर्चेत तेच एक. लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांचं दुखणंखुपणं काढलं, त्यांची आई झाल्या, त्यावर चार ओळी कुणी लिहीत नाही. दागिना दिला की पुरुषांना सांगायला गोष्ट मिळते.
माझ्या आज्जीनं घरी 22 पोरांची खानावळ चालवली. पहाटे चारला चूल, परात भरून ज्वारीचं पीठ, उजव्या मनगटावर तव्याचे काळे डाग शेवटपर्यंत. त्यातले दोन तहसीलदार झाले. बैठकीत फोटो आजोबांचा, 'विद्यार्थ्यांचा आधारवड' म्हणून. आजोबा हिशेबाची वही लिहायचे, तीसुद्धा चुकीची.

कृष्णाकाठचा
ताई, विषय हेसबर्ग आहे. तुमच्या आज्जींचा इथं काय संबंध?

वाईची नात
संबंध? धान्य संपल्याचं तुम्हीच काढलंत ना! आणि हेसबर्गच घ्यायचे तर घ्या: नोत्र दाममध्ये पदवीच्या वर्गांत मुली आल्या 1972 साली. म्हणजे फादर खुर्चीवर बसल्यावर 20 वर्षांनी. घरात बाई असती तर कुणीतरी आधीच कान पिळला असता.

कृष्णाकाठचा
म्हणजे माझंच म्हणणं झालं की! मग भांडताय कशाला?

वाईची नात
तुम्ही 'ताई' ज्या सुरात म्हणालात त्यासाठी.

मिरजकर मास्तर
जरा थांबा दोघं. बाई नसण्याचा एक फायदाही बघा: पळायला घर नव्हतं. 1969 मध्ये विद्यार्थ्यांची आंदोलनं पेटली तेव्हा हेसबर्गनी पत्र काढलं: कामकाज अडवणाऱ्यानं 15 मिनिटं विचार करावा, नाहीतर निलंबन. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन खूश, कौतुकाचं पत्र पाठवलं. तिथल्या सरकारच्या नागरी हक्क आयोगाचं अध्यक्षपदही त्याच वर्षी मिळालं. त्या आयोगातून ते सरकारचेच वाभाडे काढायला लागले, तेव्हा 1972 मध्ये त्याच निक्सननं त्यांना तिथून घालवलं. बायकोच्या नावावर पेट्रोल पंप असता तर इतकं बोलले असते का?

माळावरचा
15 मिनिटं? आमच्या विद्यापीठात गुणपत्रिकेवरचं माझं आडनाव दुरुस्त करायला दोन वर्षं लागली. चार नंबरची खिडकी सात नंबरला पाठवायची, सातवाला जेवायला गेलेला.

कृष्णाकाठचा
बरं, एक मान्य. 1964 ला शिकागोत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हातात हात घालून गाणं म्हणायला हेसबर्ग उभे राहिले, त्याला छाती लागते. पण ती संसारी माणसालाही असते. शेजारचे किंग स्वतः चार पोरांचे बाप होते.

कंदीपेढा
मूळ पोस्ट दुरुस्त केली आहे. 'बायकापोरं' काढून नुसतं 'पोरं' केलं. वाईच्या ताईंची माफी. चेअरमनच्या पोराची नाही.

वाईची नात
भाचा राहिला.