मुलीची दहावी सोलापुरातूनच होऊ द्या

वीस वर्षं सोलापुरात काढल्यावर हैदराबादची नोकरी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. वर बहुतेकांनी पगाराचा हिशोब मांडलाय. तो बरोबरच आहे, पण मुलगी आठवीत आहे हे कुणी धरलंच नाही.

तिला डॉक्टर व्हायचंय म्हणता. महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यातून एमबीबीएसला जायचं तर अधिवास दाखल्यासोबत दहावी आणि बारावी दोन्ही इथूनच लागतात. जातीच्या दाखल्याचंही तसंच. इथला दाखला तेलंगणात राज्याच्या आरक्षणाला चालत नाही, तिकडे तीच जात यादीत असली तरी. आमच्या थोरल्या भावाला हे तिकडे गेल्यावर कळलं. घरात तेलुगूच बोलतो आम्ही, त्यामुळे त्याला वाटलं आपल्याच गावी चाललोय. तिकडे सगळे त्याला 'महाराष्ट्रावाले' म्हणतात की ओ!

गाडीचं किरकोळ आहे. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर इथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) घेऊन तिकडचा नंबर घ्यायचा.

पाण्याला कंटाळलात हे मात्र शंभर टक्के पटलं. उजनी धरण भरलेलं असलं तरी आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, आणि त्या रात्री वहिनी गच्चीवरच्या टाकीशी बॅटरी घेऊन उभी. भाऊ मात्र गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, दरवर्षी येतो, जाताना शेंगाचटणी आणि कडक भाकरीची पिशवी भरून नेतो.

मी असतो तर आधी एकटा गेलो असतो. अंतर तीनशे किलोमीटर, शनिवारी घरी येता येतं. घर विकू नका, भाड्यानेही इतक्यात देऊ नका.