नाल्यातले किडे मोजून नदी कळते का?

तेरणाकाठ
गेल्या आठवड्यात इथं एकानं लिहिलं, "बीएस्सीच्या पोरांना नाल्यात उतरवून किडे मोजायला लावतात, क्रेडिटच्या नावाखाली वेठबिगारी. पाणी तपासायचंय तर बाटली लॅबला पाठवा." गप्प बसणार होतो, जमलं नाही. ती पोरं माझीच.

सप्टेंबरात मांजरेला मिळणाऱ्या एका ओढ्यावर गेलो. गावाच्या वरच्या अंगाला दगड उलटला. खाली चिकटलेली वाळूची बारीक नळी एका पोरीनं कचरा म्हणून उचलली, पांढऱ्या ट्रेत टाकली, तर नळी चालायला लागली. कॅडिसफ्लायची अळी! तोंडातल्या रेशमानं वाळूचा कण कण जोडून घर करते. शेजारी मेफ्लायची पिल्लं, तीन शेपट्या, पोटाच्या कडेला पानासारखे कल्ले. मग गटारं मिळतात त्याच्या खाली, अर्ध्या किलोमीटरवर, तीच जाळी लावली. निव्वळ लाल अळ्या, कमी ऑक्सिजनातही तगणाऱ्या.

खरी गंमत पुढं. दुपारी 3 ला केमिस्ट्रीवाल्यांनी विरघळलेला ऑक्सिजन काढला, तर गटाराखालचा जास्त निघाला. कारण शेवाळ. उन्हात ते ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ओढून घेतं. बाटलीत दुपार येते हो. अळी तिथं रात्रीपण काढते.

रसायनी
पोस्ट माझी होती, नाव घेऊन लिहायचं. पहाटे सॅम्पल घ्या, विषय मिटला. ऑक्सिजन मोजायच्या विंकलर पद्धतीला लागतं काय? मँगनीज सल्फेट, अल्कली आयोडाइड, जागेवर फिक्स. आणि किड्यांना गुण कुठून देता? किड्यांच्या कुळांना गुण देऊन पाणी जोखायची ती बीएमडब्ल्यूपी पद्धत आली इंग्लंडातून, बारमाही नद्यांसाठी. आपल्या ओढ्यात जानेवारीत पोरं क्रिकेट खेळतात. किडे दिसले नाहीत तर पाणी घाण म्हणायचं की पाणीच नाही म्हणायचं?

तासिकावाला
पहाटे जाणार कोण? मी तासिका तत्त्वावर. ओढ्यावर अर्धा दिवस जातो, बिलात एक प्रात्यक्षिक लागतं. पोरांचे वडापाव माझ्या खिशातून. फोटो मात्र कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलीत रंगीत.

तेरणाकाठ
बारमाहीचं म्हणणं मान्य, नाइलाजानं. म्हणून तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं ती पद्धत जशीच्या तशी न घेता बदलून घेतली. आम्ही इंग्लंडशी ताडत नाही. त्याच ओढ्याची वरची बाजू नि खालची, एकाच दिवशी. पूर येऊन गेला की काही आठवडे थांबतो. तिकडं जास्त गुण मिळवणारी स्टोनफ्लाय इथं मिळाली नाही म्हणून कुणी गळा काढत नाही, तिला थंड, खळाळतं पाणी लागतं.

जाळीवाला
सर, बाजू तुमचीच घेतोय, पण "मेफ्लाय दिसली म्हणजे पाणी चांगलं" एवढंच शिकवू नका. बीएमडब्ल्यूपीत हेप्टाजिनिडी कुळाला 10 गुण, बीटिडीला 4. दोन्ही मेफ्लायच. आमच्या बॅचनं एकदा बीटिडीच्या जोरावर चक्क नाल्याला पास केलं होतं.

शिवारातला
दगड उलटायलेत म्हणं! आमच्या वढ्यात दगड ऱ्हायलाय कुठं? खोलीकरणात जेसीबीनं सगळा काढून काठाला लावला. पर हिरीला पाणी आलं, होळीपतुर टिकलं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तवा तुमचे किडे कुठं हुते?

तेरणाकाठ
ओढ्याचा हौद केलाय तुम्ही लोकांनी. दगड गेले, खळाळ गेला, तळाला नुसता गाळ. पाणी धरतो तो मुरूम. तोच उकरून उघडा पाडला की पाणी उन्हात जातं. हे समजायला शिकलेला माणूस लागत नाही.

शिवारातला
पगार चालू हाय म्हून खळाळ सुचतो. त्या दुष्काळात म्या दोन बैलं इकली. कडबाच नव्हता. बाजारात नेताना एक बैल येशीतनं मागं फिरला. तुमचा मुरूम घाला चुलीत.

रसायनी
विषय किडे होता ना? पण मास्तर, मुरमाचं खरं असलं तरी ओढ्याचा तळ सगळीकडं एकसारखा नसतो. कुठं कातळ लगेच लागतो. यांच्या विहिरीला पाणी आलं असेल तर आलं असेल.

तासिकावाला
खोलीकरणाची बिलं वेळेवर निघाली म्हणे. सहज आठवलं.

तेरणाकाठ
"शिकलेला माणूस" ते मागं घेतो. बैलांचं माहीत नव्हतं. पण दगड काढायला नकोच होते, यावर ठाम.

शिवारातला
ऱ्हा ठाम. एक सांगा, आमच्या जनावराच्या हौदात तसल्याच लाल अळ्या हाईत. पाणी खराब झालं का?

तेरणाकाठ
हौद उपसला कधी? तळाला गाळ बसला की होतात त्या. लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तात असतं ते. ऑक्सिजन कमी असला तरी तग धरतात. चावत नाहीत. गाळ काढून टाका.

शिवारातला
पोळ्याला उपसलाता.

रसायनी
बरं, ऐका. रविवारी पहाटे 5 ला त्या गटाराखाली मी बाटल्या घेऊन येतो. ऑक्सिजन पडलेला निघाला तर माझी पोस्ट काढतो. नाही निघाला तर हा धागा तुम्ही काढायचा.

तेरणाकाठ
या. गमबूट आणा, माझ्याकडं एकच जोड आहे.

तासिकावाला
पेट्रोल कुणाचं?