अनुभव धागा : विंडोज १० ची मुदत संपली, तुम्ही काय केलं?

पांदणरस्ता (दारव्हा तालुका)

राम राम मंडळी. गावात माझं ऑनलाइन कामाचं छोटं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, दाखल्यांचे अर्ज, अंगठा लावून पैसे काढणं, हेच दिवसभर चालतं. दुकानात दोन कॉम्प्युटर, घरी एक लॅपटॉप, आणि तिन्हींवर विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याची नेहमीची मुदत संपली. तेव्हापासून लोक विचारतात, "भाऊ, आता हे मशीन फेकाच लागते काय?"

मशीन बंद पडत नाही. सुरक्षेचे अपडेट येणं थांबतं. पण हा फरक मला लहान वाटत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा विंडोजच्या ज्या भोकातून तो शिरला त्याचं ठिगळ (अपडेट) मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं त्यांच्याच फायली कुलूपबंद झाल्या. माझ्या टेबलावर म्हातारी माणसं आधार कार्ड आणि पासबुक विश्वासानं ठेवून बाहेर चहा प्यायला जातात. त्यांच्या कागदांची जबाबदारी माझी आहे.

घरच्या लॅपटॉपला मी वाढीव अपडेट घेतले, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला, पैसे लागले नाहीत. पण ती सोय घरगुती वापरापुरती आहे. धंद्याच्या मशीनसाठी पैसे भरून घ्यायची योजना वेगळी. दुकानातली दोन्ही मशीनं चौथ्या पिढीच्या आय थ्री प्रोसेसरची, त्यांना विंडोज ११ चालत नाही. म्हणून हा धागा काढतो आहे. मशीन किती जुनं, त्याला काय काय जोडलेलं, आणि बदलल्यावर काय अडलं, ते सांगा. "नवीन घ्या" किंवा "जुनंच बरं" एवढंच लिहू नका, का ते लिहा.

संत्राबाग (वरुड)

आमचा अनुभव चांगला आहे. मुलीचा लॅपटॉप २०१९ चा, आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम. अपडेटमध्ये आपोआप विचारलं, तिनं हो म्हटलं. रात्री लावला, सकाळी सगळं जागच्या जागी होतं. बागेच्या खर्चाची एक्सेलची फाईल उघडली, मोर्शीच्या रोपवाटिकेची बिलं उघडली. सुरुवातीचं बटण मधोमध गेलेलं मला आवडलं नाही, ते तिनं डावीकडे आणून दिलं. आवडलं नाही तर १० दिवसांच्या आत मागे जाता येतं, हे तिनं मला आधीच दाखवून ठेवलं होतं, म्हणून धीर होता.

काटा पावती (राळेगाव)

मी जिनिंगच्या वजनकाट्यावर १४ वर्षांपासून आहे. आमचा कॉम्प्युटर १० वर पण नाही, विंडोज ७ वर आहे. त्याची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली. मी तो बदलू देत नाही आणि यापुढेही देणार नाही.

कारण सांगतो. काट्याच्या डिस्प्लेमधून नऊ पिनांची केबल कॉम्प्युटरच्या मागं जाते. सॉफ्टवेअर ज्यानं करून दिलं त्यानं हा धंदा सोडला. ते फक्त 'कॉम १' पोर्टवर वजन वाचतं. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की पहाटे चारपासून गाड्या लागतात. भरली गाडी, मग खाली गाडी, मग निव्वळ, आणि पावती. शेतकऱ्याचे पैसे त्या पावतीवर ठरतात. मागं एकदा मालकाच्या पुतण्यानं "मी फास्ट करून देतो" म्हणून हंगामातच मशीन फॉरमॅट मारलं. दोन दिवस आम्ही वजनं हातानं वहीत लिहिली. रस्त्यावर गाड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली होती. माणसं थंडीत गाडीखाली झोपली, आणि त्यातला एक माझा साळा होता.

या मशीनला इंटरनेट नाही. पेनड्राइव्ह लावायला मनाई आहे, यूएसबीच्या पोर्टवर मी टेप चिकटवला आहे. मग त्याला व्हायरस लागेल कुठून? पांदणरस्ता भाऊ, तुमचं मशीन दिवसभर नेटवर असते, तुमची गोष्ट वेगळी. माझ्या मशीनला नेटचं वारंसुद्धा लागत नाही.

सोल्डरिंग (कारंजा लाड)

दुरुस्तीचं दुकान आहे, २००६ पासून. काटा पावती भाऊ, इंटरनेटपासून तोडून ठेवलं हे बरोबरच केलं, मी पण तेच सांगितलं असतं. पण भीती व्हायरसची नाही, हार्ड डिस्कची आहे. १४ वर्षांची फिरती डिस्क ज्या दिवशी बसेल, त्या दिवशी सॉफ्टवेअर देणारा कोणी नाही. आज, हंगाम नसताना, त्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नवीन एसएसडीवर घ्या. जुनी डिस्क बाजूला ठेवा. मग दुसऱ्या एखाद्या मशीनवर यूएसबी ते सिरीयल केबल (काट्याची नऊ पिनांची केबल यूएसबीला जोडणारी) लावून ते सॉफ्टवेअर चालवून पाहा. केबल लावली की पोर्टचा नंबर 'कॉम ५', 'कॉम ७' असा काहीतरी येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये तो 'कॉम १' करता येतो. बऱ्याच ठिकाणी अडतं ते इथंच, आणि लोक समजतात सॉफ्टवेअर चालत नाही.

बाकीच्यांसाठी. माझ्याकडे येणाऱ्या डेस्कटॉपपैकी कितीतरी आठव्या-नवव्या पिढीचे असतात, तरी "११ ला चालत नाही" असा मेसेज दाखवतात. ११ ला लागणारी टीपीएम नावाची सुरक्षेची सोय त्यात असते, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डात त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीच्या बोर्डात एफटीपीएम. विंडोज आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाका, २.० आहे की नाही दिसेल. हे न पाहता चांगलं मशीन भंगारात देऊ नका, मला खरंच वाईट वाटतं.

नियम चुकवून जुन्या मशीनवर ११ टाकता येतं. मी सुरुवातीला टाकून दिलं. आता नाही देत. दरवर्षीची मोठी आवृत्ती अशा मशीनला आपोआप येत नाही, दरवेळी हातानं करावी लागते, आणि गिऱ्हाईक ते विसरून जाते. शिवाय २४एच२ या ११ च्या आवृत्तीपासून कोअर टू ड्युओ हे जुने प्रोसेसर तर चालूच होत नाहीत. ज्याला दरवर्षी माझ्याकडे यायचं जमणार नाही, त्याला असं मशीन देणं मला पटत नाही.

अक्षदा (मेहकर)

माझं लग्नपत्रिकांचं काम. मंडळी, ११ घेण्याआधी फॉन्ट सांभाळा, हे मी हात जोडून सांगते.

आमच्याकडे २० वर्षांचं काम कृतिदेव आणि श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टांत आहे. नवं मशीन आणलं, फायली टाकल्या आणि गेल्या वर्षीची पत्रिका उघडली. 'विवाह' लिहिलेलं होतं तिथं पडद्यावर एफ, ओ, ओ, के, जी अशी इंग्रजी अक्षरं! समोर वरपिता बसलेले. फाईल बिघडलेली नव्हती. कृतिदेवमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्याच जागेवर बसवलेलं असतं, फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. जुन्या मशीनच्या विंडोजमधल्या फॉन्ट्सच्या फोल्डरमधून कॉपी केले तेव्हा जिवात जीव आला.

दुसरी अडचण कुलुपाची. आमच्या जुन्या मराठी पॅकेजचं लॉक, म्हणजे जे जोडल्याशिवाय पॅकेज उघडत नाही ते, प्रिंटर पोर्टला लागत होतं. नव्या मशीनला तो पोर्टच नाही. म्हणून जुनं मशीन मी ठेवलं आहे, नेट काढून. जुन्या गिऱ्हाइकाचं काम आलं की त्यावर उघडायचं, पीडीएफ करायची, आणि पुढचं नव्यावर.

नवं काम मात्र सगळं युनिकोडमध्ये करते, त्यात मराठी अक्षराला स्वतःची जागा असते. जुना मजकूर कन्व्हर्टरनं बदलता येतो, पण एकेक ओळ वाचावी लागते. रफार सरकतो, 'वऱ्हाडी मंडळी'तला ऱ्ह तर हमखास तुटतो. मागच्या लग्नसराईत 'कुऱ्हाडे' आडनाव तुटलेलंच छापायला जाता जाता माझ्या सासूबाईंनी पकडलं. इनस्क्रिप्ट हा मराठी अक्षरांचा कीबोर्ड शिकायला मला तीन आठवडे लागले. ज्यांना तेवढं जमत नसेल, त्यांच्यासाठी विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून. वेगळं काही उतरवायला नको. मला हा बदल आवडला. आता नवरदेवाकडचे व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवतात तो तसाच घेता येतो, पुन्हा टाइप करायचं काम वाचलं.

पिंपळपान (अकोट)

मी काय म्हनतो, मले याची गरजच नाई पडली. कॉम्प्युटर पोराच्या शिक्षणापायी घेतला होता, पोरगं आता पुण्याले नोकरीवर हाय. बाजारभाव, हवामान, पिकाची पाहणी, समदं मोबाईलवरच होते. मशीनवर घरातले फोटो हायेत, मायच्या तेरवीचे, बहिणीच्या लग्नाचे. पोरानं ते एका डिस्कमंदी काढून देल्ले आन् मशीन बंद करून ठेवलं. ज्याले कामच नाई, त्यानं पैसे काहून घालावं?

सिपनाकाठ (धारणी तालुका)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळेत पाच कॉम्प्युटर, सगळे जुने, २ जीबी रॅमचे. विंडोज चालू व्हायलाच पाऊण तास. मुलं पडद्याकडे बघत बसायची आणि तास संपायचा. आम्ही पाचांच्या सुट्या भागांतून चार चांगले केले, रॅम ४ जीबी केली आणि त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली, एक्सएफसीई वाली, ती हलकी असते.

आमच्याकडे नेटवर्कसाठी टेकडीवर जावं लागतं. म्हणून परतवाड्याला भावाच्या घरी रात्रभर फाईल उतरवून पेनड्राइव्हवर आणली. त्याची एक सोय मला फार आवडली. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, आधीचं काही न पुसता. आठ दिवस मुलांना तसंच वापरू दिलं आणि मगच टाकलं. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर कितीतरी वर्षांपासून वापरलं आहे, आपल्याकडे त्याची इतकी भीती का असावी, मला कळत नाही.

माझी मुलं कोरकू बोलतात. शाळेची मराठी त्यांना दुसरी भाषा. कीबोर्ड इनस्क्रिप्टवर ठेवला आणि चौथीतल्या एका मुलीला सांगितलं, तुला वाटेल ते लिही. तिनं एक बोट धरून, अक्षर शोधत शोधत 'सिपना' लिहिलं. आमची नदी. सगळा वर्ग तिच्या मागं येऊन उभा राहिला, आणि मग प्रत्येकाला आपल्या घरचं काहीतरी लिहायचं होतं. मशीन चालू व्हायला आता दीड मिनिट लागतो.

अडतं कुठं, तेही सांगते. वरून एक्सेलचे तक्ते येतात, आतमध्ये मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असतात. ते लिनक्सवरच्या लिबर ऑफिसमध्ये नीट चालत नाहीत. त्यासाठी माझा स्वतःचा लॅपटॉप लागतो. पांदणरस्ता दादा, तुमच्या दुकानात लिनक्सचा सल्ला मी देणार नाही. अंगठ्याच्या मशीनचे आणि डिजिटल सहीचे ड्रायव्हर मिळतात का, हे आधी विचारा.

सोयाबीन हिशेब (रिसोड)

सिपनाकाठ ताई, वाचून डोळे भरून आले. माझा अनुभव मात्र कडू आहे. आमच्या शेतकरी कंपनीचा लॅपटॉप नवाच, ११ सकटच आलेला. सभासदांचे शेअर, सोयाबीनची खरेदी, बियाण्याची उधारी, सगळा हिशेब मी त्यावर ठेवते. एक दिवस बायोसचं अपडेट झालं, आणि पुढच्या वेळी निळा पडदा. बिटलॉकरची रिकव्हरी की टाका म्हणे. ४८ आकडे. मी तर कधी कुलूप लावलंच नव्हतं!

नंतर समजलं. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की बऱ्याच वेळा डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि चावी त्या खात्यात जमा होते. ज्या मुलानं आम्हाला लॅपटॉप लावून दिला, त्यानं घाईत स्वतःचाच ईमेल टाकला होता. तो मुलगा दुकान सोडून पुण्याला गेलेला, नंबर बदललेला. त्याच्या मावशीच्या गावी जाऊन नंबर मिळवला. दोन दिवस गेले. त्यानं फोनवर सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचले, मी टाकत गेले. पाचव्या गटात माझा हात इतका थरथरत होता की दोनदा चुकलं. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं.

आता खातं कंपनीच्या ईमेलचं आहे. चावी कागदावर लिहून शेअर सर्टिफिकेटांच्या कपाटात ठेवली आहे, आणि अध्यक्ष व मी दोघांनाच माहीत आहे. ज्यांनी दुकानातून लॅपटॉप लावून घेतला, त्यांनी आज घरी जाऊन एवढं बघा की खातं कोणाच्या नावाचं आहे.

पांदणरस्ता (दारव्हा तालुका)

ताई, तुमचं वाचून मी उठून पहिलं काम तेच केलं. माझ्याच हातानं लावून दिलेल्या तीन लॅपटॉपांवर माझा ईमेल निघाला. तिन्ही घरी जाऊन बदलून आलो, चाव्या त्यांच्या हातात दिल्या.

दुकानाचं असं ठरवलं. नागपूरहून जुनाच पण आठव्या पिढीचा डेस्कटॉप आणला. दोन दिवस तो मागच्या खोलीत ठेवून अंगठ्याचं मशीन, सहीचं टोकन आणि प्रिंटर एकेक जोडून पाहिलं. टोकनचा ड्रायव्हर नवा घ्यावा लागला, बाकी चाललं. मग पुढच्या टेबलावर मांडला. लोकांचे कागद आता त्याच्यावरच. जुन्यांपैकी एक सिपनाकाठ ताईंच्या पद्धतीनं लिनक्स टाकून आमच्या शाळेला देतो आहे. दुसऱ्याचं अजून ठरलं नाही.

काटा पावती (राळेगाव)

सोल्डरिंग भाऊ, तुमचं ऐकलं. डिस्कची नक्कल घेतली, जुनी डिस्क बिस्किटाच्या डब्यात कापडात गुंडाळून ठेवली आहे. काट्याचं मशीन मी अजूनही बदललं नाही. पण ऑफिसमधल्या ११ वाल्या मशीनवर केबल लावून पाहिली. काल संध्याकाळी काटा रिकामा झाल्यावर ते मशीन वजनघरात आणलं. 'कॉम ५' आलं होतं, तुम्ही सांगितलं तसं 'कॉम १' केलं आणि सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर शून्य. मालकाच्या पुतण्याला खुर्चीवर बसवलं आणि मी जाऊन काट्याच्या मधोमध उभा राहिलो. आमचा काटा दहा-दहा किलोनं सरकतो. आतून पोराचा आवाज आला, "काका, सत्तर!"

हंगामाआधी अजून दहा भरल्या गाड्या दोन्ही मशीनवर मोजून पाहणार आहे.