पीटर ब्लेक यांना जगप्रदक्षिणेची शर्यत जिंकायला इतकी वर्षे का लागली?

प्रश्न : न्यूझीलंडचे पीटर ब्लेक १९७३ पासून व्हिटब्रेड या शिडाच्या नौकांच्या जगप्रदक्षिणा शर्यतीत उतरत होते, तरी विजेतेपद १९९० मध्येच मिळाले. एवढ्या कसलेल्या दर्यावर्दीला पाचवी खेप का लागावी?

प्रतिसाद १ : नौकांनी साथ दिली नाही, हे मुख्य कारण. १९८१ मध्ये ‘सेरामको’ची डोलकाठी अटलांटिकमध्ये मोडली; तेव्हा उरलेल्या तुकड्यावरच शिडे चढवून त्यांनी केपटाउन गाठले खरे, पण गेलेला वेळ पुढे भरून निघाला नाही. नंतरची ‘लायन’ भक्कम होती, मात्र (बहुधा त्याच धसक्याने) जड झाली.

प्रतिसाद २ : थोडी भर घालतो. १९९० ची विजेती नौका ‘स्टाइनलागर २’ हिला दोन डोलकाठ्या असल्याने बाजूच्या वाऱ्यावर जास्त शिडे लावता येत, आणि तिने सहाही टप्पे जिंकले.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. लाल मोज्यांची गोष्ट खरी का?

प्रतिसाद २ : अगदी खरी. १९९५ च्या अमेरिका चषक या नौकाशर्यतीत ते पत्नीने दिलेले लाल मोजे घालत; देशभर लोकांनी तसेच मोजे विकत घेतले आणि न्यूझीलंडच्या संघाने अंतिम लढत ५-० अशी जिंकली. पुढे २००१ मध्ये ॲमेझॉनच्या मुखाशी, ब्राझीलमधल्या माकापाजवळ, बोटीवर चढलेल्या लुटारूंनी त्यांना गोळ्या घातल्या.